जमनाच्या वाटणीचा पाडा

सातपाटीत जमनाच्या घरापासून बंदरावर जायला सरळ वाट होती, फार तर पाच मिनिटांची. ती देवूच्या दारावरून जायची. कार्तिकात जमनाचा देवूशी साखरपुडा झाला आणि ती वाट तिला बंद झाली. तशी कोणी बंद केली नव्हती, पण साखरपुडा झालेल्या मुलीनं सासरच्या दारावरून डोक्यावर टोपली घेऊन मिरवत जाऊ नये, हे सातपाटीत कोणाला सांगावं लागत नसे. मग जमना मागच्या आळीतून निघायची आणि बर्फाच्या कारखान्याला वळसा घालून बंदरावर पोचायची. पाच मिनिटांची वाट पंधरा मिनिटांची झाली.

देवूही शहाणा. सरळ वाटेवर जमना किंवा तिची आई साखरबाई समोर यायला नको म्हणून त्यानंही बंदरावरून घरी यायला लांबची वाट धरली. आता सातपाटीला लांबची वाट एकच. त्यामुळे जी दोन माणसं एकमेकांना टाळायला निघाली होती ती आठवड्यातून तीनदा बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी समोरासमोर यायची. जमना भिंतीकडे बघायची, देवू आकाशाकडे बघायचा. त्याच्या होडीला त्याच वर्षी इंजिन बसलं होतं, म्हणून त्याच्या अंगाला माशांऐवजी डिझेलचा वास यायचा. हा वास आपल्याला आवडायला लागलाय, हे जमनाला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती इतकी लाजली की घरी जाऊन तिनं उगाच दोन हंडे पाणी भरलं.

"काय गं, बर्फ इरघळला का नाय अजून?" झुंबर विचारायची.

झुंबर ही जमनाची शेजारीण आणि लहानपणापासूनची जिवाची मैत्रीण. तोंडाची भारी फटकळ. दोघी मिळून वलांडीवर बोंबील वाळत घालायच्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्यांची रांग. ओल्या बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. शेकडो जोड्या एका दिवसात. झुंबर प्रत्येक पाचव्या जोडीला म्हणायची, "ही जमना, हा देवू." आणि देवूच्या नावाचा बोंबील मुद्दाम वाकडा, बारका निवडायची. जमना तिला ओल्या हातानं चापटी मारायची. वाऱ्यानं दोऱ्या हलायच्या, डोक्यावर घारी फिरायच्या, आणि दोघींचं हसणं पार खाडीपर्यंत ऐकू जायचं. लग्न ठरलेल्या मुलीनं एवढं मोठ्यानं हसू नये असं साखरबाई म्हणायची, पण म्हणताना तीही हसायचीच.

ते साल पासष्ट संपून सहासष्ट लागतानाचं. तिकडे तारापूरला अणुविजेच्या कारखान्याचं बांधकाम जोरात होतं आणि बोईसरच्या बाजारात साताऱ्याची, खानदेशची, कुठकुठली माणसं येऊन राहिली होती. झुंबर ताजी मासळी घेऊन बोईसरला जायची आणि येताना गोष्टी घेऊन यायची. एका घाटावरच्या बाईनं म्हणे तिच्याकडून ओले बोंबील घेतले आणि वांगी धुवावीत तसे चोळून चोळून धुतले. ओला बोंबील तो, हातातच विरून गेला. दुसऱ्या दिवशी बाई भांडायला आली, की तुझा मासा मोरीतून वाहून गेला, दुसरा दे.

"मग दिलास?" जमनानं विचारलं.

"दिला ना. आनि तिच्या घरी जाऊन रांदून पन दिला. आता ती मना रोज च्या पाजते."

जमनाचं बोईसरशी काम नव्हतं. ती सुक्या मासळीची. आणि सुक्या मासळीची वाट समुद्राकडून डोंगराकडे जाते.

इथं थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड यातूनच झाली. सातपाटीच्या बाया सुके बोंबील घेऊन मनोरच्या पलीकडच्या पाड्यांवर जात. डोंगरातली माणसं पावसाळ्यासाठी बोंबील भरून ठेवत आणि बदल्यात भात देत. पण कोणी कुठल्याही पाड्यावर जायचं नाही. प्रत्येक घराचे पाडे ठरलेले. सासूचे पाडे सुनेला मिळायचे, सुनेचे तिच्या सुनेला. कागद नाही, पत्र नाही, पण एका बाईच्या पाड्यावर दुसरीनं टोपली उतरवली तर तो चोरीइतकाच मोठा गुन्हा. आणि मुलगी लग्न होऊन गेली की आईचे पाडे तिला सुटले. ती सासूच्या टोपलीमागून सासूच्या पाड्यांवर जाणार.

साखरबाईचे चार पाडे होते. ती विधवा, जमना तिची एकुलती एक. गुडघे गेल्यापासून साखरबाईला डोंगर चढवत नव्हता, म्हणून गेली तीन वर्षं जमना एकटीच जायची. आता लग्न वैशाखात ठरलं होतं आणि चारही पाडे साखरबाईच्या पुतण्याच्या बायकोला, नर्मदाला, जायचे हेही ठरलं होतं. रीतीप्रमाणे बरोबर होतं. यात कोणी कोणावर अन्याय केला नव्हता.

पण तीन पाडे गेले तरी जमनाला चाललं असतं. चौथ्या पाड्यावर तानी होती.

तानी जमनाला दहाव्या वर्षी भेटली. साखरबाई आणि तानीची आई भाताच्या मापावरून हुज्जत घालत होत्या आणि या दोघी पोरी एकमेकींकडे टक लावून बघत होत्या. जमनाच्या नाकात मोठी चमकी होती, तानीच्या केसांत रानातलं पिवळं फूल. हुज्जत संपेपर्यंत चमकीला हात लावून बघून झालं होतं आणि फूल जमनाच्या केसांत गेलं होतं. तेव्हापासून आठ वर्षं. जमना येणार त्या दिवशी तानी तिच्यासाठी तांदळाची भाकर राखून ठेवायची, चैत्रात करवंदं, कधी भाजलेली मोहाची फुलं. जमना टोपलीच्या तळाशी तिच्यासाठी सुक्या कोलंबीचे सोडे आणायची, निवडून, जाडे. ते विकायचे नसत.

तानीला आता मूल होतं, दीड वर्षाचं. नवरा मनोरकडे लाकूडतोडीच्या कामाला जायचा. लग्न मात्र व्हायचं होतं.

"म्हंजे?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जमनानं डोळे विस्फारले होते.

"म्हंजे काय? राहतूं ना आमी. लगीन करू, भात बेस आला की. घाई काय हाय?"

जमनाला आधी धक्का बसला, मग हसू आलं. इकडे ती नवऱ्यामुलाच्या तोंडाकडे बघायचं टाळायला पंधरा मिनिटं चालते, आणि इकडे ही बाई पोर कडेवर घेऊन म्हणते लग्नाची घाई काय. जग मोठं आहे, आणि मनोरच्या एसटीत बसलं की ते दोन तासांत बदलतं, हे जमनाला तानीमुळे कळलं.

पौषात ती गेली तेव्हा दोघी तानीच्या कुडाच्या घराबाहेर बसल्या होत्या. तानीनं विचारलं, "नवरा कसा हाय?"

"बोलली कुठं मी त्याच्याशी!"

"बोलायचा काय? सवयीनं बेस होतो नवरा." तानीनं पोराच्या नाकाचं पाणी पदरानं पुसलं. मग म्हणाली, "लगीन झाल्यावर कवा येशील?"

तानीला तिकडची रीत ठाऊक होती, तरीही तिनं विचारलं होतं. जमनानं कसंबसं सांगितलं की आता नर्मदा येईल, चांगली आहे, माप नीट घालते.

"नर्मदेला मी काय करू?" तानी म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या दिवशी परत येताना जमनानं ठरवलं, लग्नाआधी सासूला विचारायचं. तीन पाडे नर्मदाला खुशाल जाऊ देत, हा एक मला ठेवाल का म्हणून. सासू म्हणजे रंभाबाई. सातपाटीतली सगळ्यांत तालेवार मासळीवाली. उंच, काळीसावळी, आवाज असा की वल्ह्यावरचा माणूस वळून बघेल. तिचे सात पाडे. तिला असलं काही कोणी विचारल्याचं गावाच्या आठवणीत नव्हतं. पण जमना रोज रात्री अंथरुणावर पडली की मनातल्या मनात वाक्य जुळवायची. कधी 'मावशी' म्हणून सुरुवात करायची, कधी थेट मुद्द्यावर यायची. महिना गेला, वाक्य काही जुळेना.

आणि माघात जमनानं घोळ करून ठेवला.

ती तानीच्या पाड्यावर गेली, तर तानी म्हणाली, "चल, माज्या मामाचा नवा पाडा दावते." तानीचा मामा जिवल्या. त्याच्या पाड्यात पावसाळ्यात आजार झाला होता, दोन माणसं गेली होती, म्हणून सगळ्या आठ-नऊ घरांनी जागा सोडून ओढ्याच्या अलीकडे नवी घरं बांधली होती. ओढा ही साखरबाईची हद्द. ओढ्याच्या अलीकडचं साखरबाईचं, पलीकडचं दुसऱ्या कोणाचं, हे जमना लहानपणापासून ऐकत आली होती. पलीकडे कोणाचं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पलीकडे कधी जायचंच नव्हतं ना.

नवी घरं, नवा शेणाचा वास, आणि माणसं अशी प्रेमळ की विचारू नका. टोपली उतरवते न उतरवते तोच बाया सुपं घेऊन आल्या. कोणी घासाघीस केली नाही. जिवल्यानं तर मापाच्या वर आणखी ओंजळभर भात टाकला आणि म्हणाला, "तू तर घरचीच हायस." जमनाला वाटलं, तानीमुळे. तिची टोपली पहिल्यांदाच एका पाड्यावर रिकामी झाली. परत येताना एसटीच्या कंडक्टरनं नेहमीप्रमाणे "बोंबील टपावर" म्हणून नाक मुरडलं, तर जमनानं ऐटीत सांगितलं, "बोंबील नाय, भात हाय. पाहिजे तर वास घ्या." ती इतकी खूश होती की पालघरपर्यंत उभ्यानं आली तरी तिला कळलं नाही.

चार दिवसांनी झुंबर वलांडीवर धावत आली. हसत नव्हती.

"जमने, काय करून बसलीस? रंभामावशी मनोरवरून भरली टोपली घेऊन आली!"

भरली टोपली परत आणणं म्हणजे काय, हे सातपाटीबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. तीस वर्षं डोंगराला जाणारी बाई, जिच्या टोपलीत येताना फक्त भात असायचा, ती भर बाजारातून, सगळ्या आळीदेखत, जशी नेली तशी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन घरी आली. ओट्यावर बसलेल्या बायांनी बघितलं आणि खाली बघितलं. जिवल्याचा पाडा तिचा होता. ओढ्यापलीकडे होता तोवर तिचा होता. घरं अलीकडे आली हे तिला माहीत होतं, आणि माणसं आपली ती आपलीच, म्हणून ती निर्धास्तपणे गेली. तिथं प्रत्येक घरानं तिला सांगितलं, घेतले ना, परवाच. साखरबाईच्या जमनीकडून. तुमचीच सून ना ती? आमाला वाटलं तुमीच धाडलीत.

जमनाला 'घरचीच हायस'चा अर्थ तेव्हा कळला. हातातली बोंबलाची जोडी तिच्या हातातच राहिली.

लग्नाआधीच सुनेनं सासूचा पाडा मारला! गावाला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. कोणी म्हणालं सोयरीक मोडणार, कोणी म्हणालं साखरबाईनंच शिकवून पाठवली असेल. साखरबाई दारातूनच भांडायला तयार. "हद्द ओढ्याची हाय. अलीकडं आले, ते माजे. माज्या पोरीनं काय चोरी नाय केली." जमनाला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिला सोयरिकीची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून एक गोष्ट टोचत होती, आणि ती कोणाला सांगायचीही सोय नव्हती. आता रंभाबाईला तानीबद्दल कुठल्या तोंडानं विचारणार? महिनाभर जुळवलेलं वाक्य कायमचं घशात राहिलं.

तिसऱ्या दिवशी बर्फाच्या कारखान्याशी देवू भेटला. जमना भिंतीकडे बघायला लागली, पण आज देवूनं आकाशाकडे बघितलं नाही. तो थांबला. इकडेतिकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाला,

"आय उद्या तुमच्याकडं येनार हाय. घाबरू नको. तिला फिरवून बोललेलं आवडत नाय. खरं काय ते सांग."

आणि निघाला. दहा पावलं जाऊन परत आला.

"आनि जेव. झुंबरी सांगत होती, जेवत नाय म्हनून."

सोयरीक ठरल्यानंतरचं त्यांचं हे पहिलं संभाषण. यात जमनानं एक शब्दही काढला नाही, तरी तिला ते फार मोठं वाटलं. घरी गेल्यावर ती जेवली. दोन भाकऱ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंभाबाई आली. बरोबर गावातल्या दोन म्हाताऱ्या, अशा भांडणांत मध्ये बसणाऱ्या. ओट्यावर चौघी बसल्या, जमना दाराच्या आत उभी. साखरबाईनं पाणी ठेवलं. रंभाबाईनं तांब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"साखरे, माजा पाडा मना पाहिजे."

"तुजा पाडा ओढ्यापलीकडं हाय. जा, घे."

"पलीकडं आता काय हाय? मोडकी कुडं आनि गवत?"

"ते मना काय माईत? हद्द ओढ्याची. तुज्या सासूनं आनि माज्या सासूनं घातलेली. तू आनि मी ती मोडनार?"

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. हद्द ओढ्याची होती, हे खरंच होतं. त्यांतली थोरली म्हणाली, "रंभे, साखर म्हनते त्यात खोट नाय बग."

रंभाबाईचा आवाज चढला. "हद्द जागेला असंल. मी काय जागेला बोंबील इकते? जिवल्याच्या पयल्या पोरीच्या बारशाला मी होते. त्याचा बाप मेला तवा मी दोन दिस तितं राहिले. ती मानसं माजी हायत. ती इकडं जाऊ देत का तिकडं जाऊ देत, का पार गुजरातेत जाऊ देत! मानसं बाईची असतात, जागेची नाय!"

"रीत तशी नाय," साखरबाई म्हणाली.

"रीत काय हाय ते सोड. खरं काय ते सांग."

आता गप्प बसली असती तर जमना जिंकली होती. दोन म्हाताऱ्या तिच्या आईच्या बाजूला झुकल्या होत्या. पण पाडा जिंकून तो वैशाखात नर्मदाकडे जाणार, हे एक. आणि दुसरं, तिला रंभाबाईचं बोलणं पटलं होतं. अगदी आतून पटलं होतं. ती दाराबाहेर आली. साखरपुडा झालेली मुलगी सासूपुढे आपणहून आली म्हणून धाकट्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

"आये, रंभामावशी बोलतात ते खरं हाय," जमना म्हणाली. "मानसं त्यांचीच. जिवल्यामामा मना म्हनाला, तू घरचीच हायस. मना वाटलं तानीमुळं. पन ते मावशींच्यामुळं घेत होते माज्याकडून. मना माईत नवतं. पन चूक माजी. तो भात अजून तसाच हाय. तो तुमचा."

साखरबाई पोरीकडे बघतच राहिली. आपल्याच बाजूचा माणूस असा उलटला म्हटल्यावर ती तरी काय करणार? रंभाबाईच्या चेहऱ्यावर मात्र राग राहिला नाही. भांडायला आलेल्या माणसाला समोरून एकदम सगळं मिळालं की त्याचं जसं होतं, तसं तिचं झालं.

"भात नको मना," ती पुटपुटली. "पाडा माजा म्हनलीस, बस झालं."

"मावशी," जमना म्हणाली. महिनाभर जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. "मानसं बाईची असतात, तर मग तानी माजी हाय. आठ वर्सं झाली. लगीन झाल्यावर मना तानीच्या पाड्यावर जाऊ द्याल? बाकीचे तीन नर्मदावयनीला. तेवडा एक. तुमच्या सात पाड्यांचं काम करून जाईन."

थोरल्या म्हातारीनं तंबाखूची चंची उघडली होती ती तशीच धरून ठेवली. जमनानं हे सगळं योजून केलं होतं की तिच्या तोंडून आपोआप निघालं, यावर सातपाटीत नंतर दोन तट पडले. झुंबर म्हणते योजून. मला तसं वाटत नाही. योजणाऱ्या मुलीचे डोळे भरून येत नाहीत आणि नाकही वाहत नाही.

रंभाबाईनं एकदम तिसरंच काहीतरी काढलं.

"मी मूळची मुरबे गावची. माज्या आयेचा पाडा मासवनच्या पुढं होता, नदीच्या काठाला. तितं बुधी होती. माज्याच वयाची. आमी दोगी नदीत पोवायचो. मी तिला भरती-ओटीचं सांगायचे, तिला खरं वाटायचं नाय की पानी परत जातं. लगीन झालं तवा तिला सांगायला पन गेले नाय. सासूचे पाडे दुसरीकडं. कोन जानार? चोवीस वर्सं झाली. मनोरची गाडी मासवनला थांबते ना, तवा मी खिडकीतून बगते. उतरत नाय."

"मग विचारायचंस सासूला," थोरली म्हातारी म्हणाली.

"मी विचारलं नाय. मना वाटलं, असं कोन विचारतं?" रंभाबाईनं जमनाकडे बोट केलं. "हिनं विचारलं."

मग तिनं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायली आणि उठली. जाताना पायरीवर वळून म्हणाली, "तानीचा पाडा तुजा. साखरे, पोरीला नीट जेवायला घाल. लग्नात चोळी सैल होईल."

लग्न वैशाखात झालं. थाटात झालं, झुंबरनं नवरदेवाला इतकं छळलं की तो एकदा मांडवातूनच पळाला. नर्मदा तीन पाड्यांवर खूश होती, चौथा फार चढणीचा होता असं तीच सांगत फिरली. पावसाळा गेला, होड्या परत समुद्रात गेल्या, वलांड्या भरल्या. बोंबील वाळले आणि मार्गशीर्षात सासू-सून पहिल्यांदा एकत्र डोंगराला निघाल्या. कंडक्टरनं दोन्ही टोपल्या टपावर टाकायला लावल्या. रंभाबाईनं त्याला चार शब्द सुनावले, जमनानं हसू दाबलं.

मासवण आलं. गाडी थांबली. रंभाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. दोन माणसं उतरली, एक चढलं. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि रंभाबाई ताडकन उठली.

"माजी टोपली तू ने," ती जमनाला म्हणाली. "जिवल्याला सांग, मीच धाडलंय. या खेपेला खरंच धाडलंय."

"आनि तुमी?"

पण ती खाली उतरलीसुद्धा होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून लुगडं सारखं करत होती, पाहुण्यांकडे निघालेल्या बाईसारखं.

त्या दिवशी जमनानं दोन्ही टोपल्या रिकाम्या केल्या. तानी भेटली ती एक पोर कडेवर आणि दुसरं पोटात, अशी. तानीचं लग्न अजून व्हायचंच होतं. भात बेस आला होता, पण घाई काय, असं ती म्हणाली. दोघींनी भाकर खाल्ली. जमनानं नवऱ्याबद्दल सांगितलं, तानीनं "मी म्हनलं नवतं?" असं म्हणून घेतलं. सगळं तिला हवं होतं तसं होतं, पण तिचं अर्धं लक्ष मासवणला होतं. चोवीस वर्षं म्हणजे थोडी नाहीत. बुधी असेल का? पाडाच उठून दुसरीकडे गेला असेल तर? आणि असलीच, तर ओळखेल का?

परतीच्या गाडीत ती मुद्दाम खिडकीशी बसली. सूर्य कलला होता. मासवणच्या थांब्यावर रंभाबाई उभी होती आणि तिच्या शेजारी एक वाळकी, पांढऱ्या केसांची बाई. त्या बाईनं रंभाबाईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि सोडत नव्हती.

"या ना, चढा," जमनानं खिडकीतून हाक मारली.

रंभाबाई जवळ आली. तिचा आवाज, तो वल्ह्यावरच्या माणसाला वळवणारा आवाज, कुठं गेला होता कोण जाणे.

"तू जा. मी उद्या येते."

"घरी काय सांगू?"

"सांग," रंभाबाई म्हणाली, "आय बुधीकडं राहिली."